धनुष्य आणि रायफल, दोन्हींसाठी एकच रेंजफाइंडर: अख्खा सीझन वापरल्यानंतर

रेंजफाइंडर म्हणजे लेझरनं अंतर मोजायचं यंत्र. त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत जो चार आकडी पल्ला छापलेला असतो, त्याचा शिकारीत सगळ्यात कमी उपयोग होतो. तो पल्ला असतो चकाकणाऱ्या पाटीसाठी. झाडावर तो कमी होतो आणि जनावराच्या केसाळ अंगावर साधारण निम्म्यावर येतो, कडक उन्हात आणखी खाली. माझं यंत्र एल्कवर (इथलं मोठ्ठं हरीण) सहाशे यार्डांपर्यंत बिनचूक वाचतं. मला तेवढंही लागत नाही, कारण धनुष्यानं चाळीस यार्डांपलीकडे आणि रायफलनं तीनशेपलीकडे मी मारतच नाही.

मी कोलोरॅडोत राहतो. सप्टेंबरात कंपाउंड बो (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) घेऊन एल्कच्या मागे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रायफल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे तिकडच्या मंडळींना हे विचित्र वाटेल. इथे राज्य सरकार लायसन्स देतं, हंगाम आणि जनावर ठरवून देतं आणि १९४९ पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे. (आर्चरी सीझन आणि गणपती बहुतेक वर्षी एकमेकांवर येतात. घरी यावरून काय बोललं जातं ते लिहीत नाही.)

यंत्राचं नाव मुद्दाम देत नाही. मॉडेलं सारखी बदलतात, वर्ग लक्षात ठेवा: सहा पट मोठं दाखवणारं, तळहातात मावणारं, लाल आकड्यांचं, सीआर२ बॅटरीवर चालणारं, चारशे डॉलरच्या आतलं.

आधी धनुष्याचं, कारण खरी परीक्षा तिथेच होते. माझा बाण सेकंदाला २७५ फूट जातो. ऐकायला जोरात वाटतं, पण चाळीस यार्डांवर पोचेपर्यंत तो तीन फूट खाली आलेला असतो. म्हणून साइटवर, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनावर, वीस, तीस, चाळीस यार्डांच्या वेगवेगळ्या पिना असतात. जनावर पंचेचाळीसवर असताना चाळीसची पिन लावली तर बाण पाच इंच खाली लागतो. फुप्फुस चुकू शकतं, म्हणजे जखमी जनावर आणि रात्रभराचा शोध. रायफलचं गणित उलटं आहे. दोनशे यार्डांवर झीरो केलेली (तिथे नेम बरोबर लागेल अशी जुळवलेली) नेहमीची रायफल तीनशेवर सात-आठ इंच खाली मारते, आणि तिथे पाच यार्डांची चूक इंचभरही फरक करत नाही. तरी दुकानात सगळे रायफलच्या पल्ल्यावरून यंत्र निवडतात!

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडचे जगज्जेते झाले, तेव्हापासून आपल्याकडेही कंपाउंड बो ओळखीचा झालाय. पण त्यांचं लक्ष्य ठरलेल्या पन्नास मीटरवर असतं. जंगलात कुणी पट्टी लावून ठेवलेली नसते. उतारावर, सावलीत किंवा मधे घळ असली की डोळ्यांचा अंदाज सहज पाच-दहा यार्डांनी चुकतो.

आता कोनाची भानगड. बाण किंवा गोळी किती खाली येणार हे मुख्यतः आडव्या अंतरावर ठरतं, तिरप्या नजरेच्या अंतरावर नाही. लेझर मात्र तिरपं अंतर मोजतो. मग आतला सेन्सर कोन मोजून हिशेब करतो. बुशनेल कंपनी त्याला एआरसी म्हणते, व्होर्टेक्स एचसीडी, ल्युपोल्ड टीबीआर. जाहिरातीत हमखास झाडावरच्या मचाणात बसलेला माणूस दाखवतात. गंमत म्हणजे मचाणावर याचा फारसा उपयोग नाही. वीस फूट उंच बसलात आणि हरीण वीस यार्डांवर असेल तर तिरपं अंतर येतं एकवीस, म्हणजे फरक एका यार्डाचा. डोंगरात मात्र हे सोनं आहे. तीस अंशांच्या उतारावर यंत्र तिरपं चाळीस दाखवतं तेव्हा मारायचं असतं साडेचौतीसचं. चाळीसची पिन लावली तर बाण वर लागणार. रायफलला हाच कोन चारशे यार्डांवर साडेतीनशेच्या आत आणतो.

इथे दोन मोड असतात. बो मोड नुसतं आडवं अंतर देतो. रायफल मोडमध्ये काही यंत्रं काडतुसाचा गट विचारून त्याप्रमाणे अंतर सुधारतात, काही किती वर धरायचं तेही सांगतात. ऑक्टोबरात बदललेला मोड पुढच्या सप्टेंबरपर्यंत तसाच राहतो, म्हणून सीझनच्या पहिल्या सकाळी गाडीतून उतरण्याआधी मोड बघावा. माझ्या यंत्रात मोड बदलायला बटण दाबून धरून मग तीनदा दाबावं लागतं. हातमोजे घालून हे अशक्य. ज्यानं हे ठरवलं तो कधी थंडीत बाहेर पडला नसावा.

सर्वांत जास्त कामाला आलेली सोय म्हणजे लास्ट टार्गेट मोड. लेझरच्या वाटेत गवत, फांद्या, अ‍ॅस्पनच्या झाडाची पानं, पडणारा बर्फ असं काहीही येतं आणि प्रत्येक गोष्टीवरून थोडा प्रकाश परत येतो. साधं यंत्र पहिला किंवा सगळ्यात ठळक परतावा दाखवतं, म्हणजे अठरा यार्डांवरची फांदी. लास्ट टार्गेट सगळ्यात लांबचा परतावा दाखवतो. धोका एवढाच की लेझर जनावराच्या पाठीवरून निसटला तर मागच्या टेकडीचं अंतर येतं. म्हणून खांद्याच्या मध्यावर धरायचं, आणि दोन वेळा सारखा आकडा आला तरच मानायचा. दाट धुक्यात कुठल्याच मोडवर माझा विश्वास नाही.

लेझर दिसत नाही, त्यामुळे तो भिंगातल्या नेम धरायच्या गोलाच्या नेमक्या मध्यावरूनच जातो असं गृहीत धरू नका. घरी आणल्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा विजेचा खांब निवडा, शंभर यार्डांहून लांब. स्कॅन (सतत अंतर मोजत राहणं) चालू ठेवून डावीकडून उजवीकडे सरका आणि आकडा कुठे येतो, कुठे जातो ते बघा. तसंच खांबाच्या टोकावर वर-खाली. माझ्यात लेझर गोलाच्या उजव्या वरच्या कडेला आहे. आधी दुसरं एक यंत्र आणलं होतं, त्यात तो गोलाच्या पूर्ण बाहेर होता; ते परत केलं. ही चाचणी दुकानदार सांगत नाहीत.

लाल आकडे हवेतच का? कोलोरॅडोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला परवानगी आहे, आणि एल्क नेमके त्याच कडेच्या वेळांना बाहेर येतात. स्प्रूसच्या झाडांच्या काळोख्या सावलीत काळे एलसीडी आकडे दिसतच नाहीत, थंडीत ते मंदही होतात. लाल आकडे दिसतात, पण उजेड अगदी कमीवर ठेवा, नाहीतर डोळे दिपून पुढचा क्षणभर जनावरच दिसत नाही. उलट नोव्हेंबरातल्या बर्फावर भर दुपारी तेच लाल आकडे इतके फिके पडतात की टोपीनं सावली करावी लागते. बॅटरी अख्खा सीझन टिकली. कडाक्याच्या थंडीत जास्तीची सीआर२ आतल्या खिशात असू द्या.

चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचं रबर खाली दुमडून गोल पूर्ण दिसतो का ते विकत घेण्याआधीच बघावं. रायफलच्या अंतरावर सहा पट मोठं दिसत असल्यानं हाताची थरथरही जाणवते. जनावराच्या अंगावर धरता येत नसेल तर त्याच्या शेजारचा खडक मोजा किंवा यंत्र चालायच्या काठीवर टेकवा.

धनुष्याला मात्र वेगळी शिस्त लागते. तीस यार्डांवर एल्क उभा असताना छातीवरच्या पिशवीतून यंत्र काढून डोळ्याला लावणं म्हणजे त्याला हात हलवून निरोप देणं. मी जागेवर बसलो की आधी आजूबाजूचं मोजून ठेवतो: तो ओंडका बावीस, ती पांढरी अ‍ॅस्पन एकतीस, खडकाची कड अडतीस. पुढे यंत्र पिशवीतच. पिशवीला चुंबकाचं झाकण हवं. वेल्क्रोचा आवाज एल्कना शंभर यार्डांवरून कळतो. धनुष्यावरच बसवायची रेंजफाइंडर-साइट मिळते, पण कोलोरॅडोत धनुष्याला अशी बॅटरीवरची साइट लावायला मनाई आहे. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी तिथला नियम वाचून घ्यावा.

घरात गोल्फचा रेंजफाइंडर आहे, तोच चालेल का, असं दोघा-तिघांनी विचारलं. रायफलनं मोकळ्या कुरणात मारणार असाल तर चालेल, बाकी नाही. गोल्फच्या यंत्राला झाडांपुढचा झेंडा पकडायचा असतो, म्हणून ते जवळच्या वस्तूला प्राधान्य देतं. जंगलात ते तुम्हाला दर वेळी समोरच्या फांदीचंच अंतर सांगत बसेल.