घराजवळचं इटालियन रेस्टॉरंट: बरेच महिने जेवल्यानंतरचा अनुभव

बरेच महिने इथे जेवतेय, मेनूतलं जवळपास सगळं खाऊन झालंय, काही डिश तर परत परत, म्हणून आता सविस्तर लिहिते.

पास्त्यापासून सुरुवात करते कारण यांचं किचन त्यातच सगळ्यात भारी आहे. काचो ए पेपे नक्की मागवा. पेकोरिनो चीज, काळी मिरी, पास्ता आणि तो उकळलेलं पाणी, एवढंच असतं त्यात, त्यामुळे चुकलं तर झाकायला काहीच नाही. पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळे चीज सॉससारखं एकजीव होतं पण पॅन जरा जास्त तापला की लगेच गुठळ्या. इथे मला अजून एकदाही गुठळ्यांची प्लेट आलेली नाही, आणि हे मी गर्दीच्या वेळी पण खाल्लंय. पास्ता आल देंते असतो, चावताना मध्ये किंचित कडक लागतो, काही जणांना तो कच्चा वाटतो. बाजूच्या टेबलवरच्या काकांनी परत पाठवला तेव्हा वेटरने तोंड वाकडं न करता अजून शिजवून आणून दिला, मला ते फार आवडलं.

कार्बोनारा पास्त्यात क्रीम घालत नाहीत, अंड्याचं पिवळं, चीज आणि ग्वांचाले, रोममध्ये करतात तसाच. ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. शुद्ध शाकाहारी लोकांनी अजून एक गोष्ट बघायची, पार्मिजानो रेज्जानो आणि पेकोरिनो रोमानो या दोन्ही चीजमध्ये दूध विरजायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात, म्हणजे डिशमध्ये मांस नाही म्हणून ती व्हेज असं धरू नका. मी विचारलं तेव्हा इथे खरं सांगितलं आणि माझ्या मैत्रिणीसाठी दुसरं चीज वापरून पास्ता करून दिला.

पिझ्झा लाकडाच्या भट्टीतला, नेपल्सच्या पद्धतीचा. त्या पद्धतीत भट्टी इतकी तापवतात की पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो, म्हणून कड फुगून ठिकठिकाणी काळी पडते आणि मधला भाग मऊ, ओलसर राहतो. तो करपलेलाही नसतो आणि कच्चाही नसतो, असाच असतो तो. मार्गेरिता मस्त, जास्त टॉपिंगवाले मात्र नका घेऊ, मधोमध पाणी सुटतं. आणि प्लीज घरी मागवू नका, बॉक्समध्ये वाफ धरते आणि पोचेपर्यंत कड चिवट झालेली असते, हे दर वेळी होतं.

आता तक्रार. रिसोत्तो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊसर भात. आर्बोरियो किंवा कार्नारोली तांदूळ थोडा थोडा स्टॉक घालत हलवत शिजवायला १८-२० मिनिटं तरी लागतातच, सुरुवातीला इथे वेटर आधीच सांगायचे की वेळ लागेल आणि खरंच अप्रतिम यायचा, दाणा वेगळा कळायचा पण सगळं मिळून सैलसर. हल्ली वीकेंडला रात्री ऑर्डर दिल्या दिल्या येतो, म्हणजे अर्धा शिजवून ठेवलेला असणार, आणि दाणा बाहेरून गिचका आतून कडक. मॅनेजरना सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, मधल्या वारी परत चांगला मिळायला लागला पण शनिवारी अजून तेच. इतकं चांगलं किचन असताना हे बघून खरंच वाईट वाटतं, शनिवारी मेनूतून काढून टाका पण असा देऊ नका.

गोडात तिरामिसू छान, कॉफी कडक, मास्कारपोने चीज हलकं, बिस्किटं भिजलेली पण लगदा नाही. त्यात कच्चं अंडं असतं, प्रेग्नंट असाल तर विचारून घ्या. सूप ठीक, सॅलड विसरा.

हॉल फार घुमतो, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर आतल्या भिंतीकडचं टेबल मागा. मोठा ग्रुप असेल तर सगळे पिझ्झे एकदम टेबलवर येतात आणि शेवटचे गार होतात, म्हणून ऑर्डर देतानाच दोन-दोन करून आणायला सांगा, ते आनंदाने करतात.