अभियंता संघटनेच्या सोलापूर शाखेत एक वर्ष : वर्गणी वसूल झाली का?

गेल्या मार्चमध्ये वर्गणी भरली तेव्हा खजिनदारांनी सवयीने माझ्या नावाआधी 'श्री.' लिहिलं. मग वर बघितलं, खोडलं, 'सौ.' केलं आणि विचारलं, "सौ.च ना?" शाखेचं वातावरण तिथेच कळलं. माणसं चांगली आहेत, फक्त पावतीपुस्तक जुनं आहे.

संघटनेचं नाव लिहीत नाही. सोलापुरातल्या इंजिनिअरांना वाचून कळेलच, आणि बाहेरच्यांना नाव कळून काही फायदा नाही. माझं होटगी रोडला स्ट्रक्चरल डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. मी आणि एक ड्राफ्ट्समन, बस. चौदा वर्षं झाली. या धंद्यातली खरी अडचण कुणी बोलत नाही. कॉलेज सुटलं की तुमचं ड्रॉइंग तपासणारं कुणी उरत नाही. बिल्डर स्टील किती टन लागेल एवढंच विचारतो, परवानगीच्या फाइलला सही-शिक्का लागतो, आणि मिस्त्री तुमचं ड्रॉइंग गुंडाळून त्याने माश्या हाकलतो. मी चुकते आहे की नाही हे मला सांगणार कोण? म्हणून गेले.

वर्षाचे १,८०० रुपये. त्यात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक व्याख्यान, वर्षात दोन स्थळभेटी, अभियंता दिन आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. सदस्यत्वाने परवाना मिळत नाही, तो वेगळा काढावा लागतो; हे आधीच सांगते, कारण नवीन पोरं तिथेच फसतात. व्याख्यानाची वेळ पत्रकावर सात. सुरू होतं पावणेआठला. पहिल्या महिन्यात मी सातला पोचले, तर शिपाई खुर्च्या पुसत होता आणि मला म्हणाला, "बसा की मॅडम, येतील सगळे हळूहळू."

वर्षातल्या अकरा व्याख्यानांपैकी नऊ मी ऐकली. त्यातली चार कुठल्या ना कुठल्या मालविक्या कंपनीची होती. विषय भारदस्त असतो, 'गळतीवरील आधुनिक उपाय', आणि दहाव्या मिनिटाला डबा पडद्यावर येतो. कोणत्याही गळतीला उत्तर तोच डबा. त्या दिवशी गर्दी सगळ्यात जास्त, कारण जेवण कंपनीचं. मी पण जेवले, खोटं कशाला बोलू. पण प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठांनी विचारलं की स्लॅबला उतारच दिला नसेल तर डबा काय करील, तेव्हा त्या एजंट पोराचा चेहरा बघून वाईट वाटलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते जुलैचं व्याख्यान.

बोलणारे साठीचे, स्वतः बांधकाम करणारे इंजिनिअर. पहिलंच वाक्य : "हे घर मी बांधलं आणि मीच बिघडवलं." जुळे सोलापूरकडचा बंगला, सहा वर्षांचा. पडद्यावर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग. मे महिन्यात तिच्यात पाच रुपयाचं नाणं जात होतं. मालकाने दोन गवंडी आणि एक वास्तुतज्ज्ञ दाखवून झाले होते. सगळ्यांचं एकच, पाया खचला. कोपऱ्याखाली खणून काँक्रीट भरायचा अंदाजपत्रकी आकडाही तयार होता.

यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून प्लिंथची, म्हणजे जोत्याची, लेव्हल चारी कोपऱ्यांवर घेतली. तीन कोपरे जवळपास एका पातळीत. चौथा, भेगेचा, १८ मिलिमीटर वर. खाली नव्हे, वर. खचलेलं काही नव्हतंच, कोपरा उचलला गेला होता.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. त्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं म्हणून, हेही परीक्षेत लिहिलेलं आहे. पण मे महिन्यात, चाळीस डिग्रीच्या वर ऊन असताना, एकाच कोपऱ्याखाली पाणी आलं कुठून? तर जमिनीखालचा हौद. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे घर बांधताना हॉलच्या आधी हौद ठरतो, आणि तो मोठा लागतो. या बंगल्याचा हौद जागा वाचवायला कोपऱ्यातल्या कॉलमला चिकटून घेतलेला. रात्री पंप बंद करून, नळाची तोटी आवळून, भिंतीवर पेन्सिलने खूण केली. सकाळी पाणी चार बोटं खाली. उन्हाळ्यात बाकीच्या घराखालची माती वाळून बसायची आणि हा कोपरा तेवढा ओला, फुगलेला राहायचा. म्हणून भेग मे महिन्यात सर्वांत रुंद.

तिथे खालून काँक्रीट भरलं असतं तर पैसे गेले असते आणि भेग तशीच राहिली असती. त्यांनी आधी हौद कोरडा करून आतून दुरुस्त केला, घराभोवती उतार देऊन फरशी केली, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा काहीही न करता थांबले. भेग सगळ्यात शेवटी भरली. मालक तोवर रोज फोन करत होता, हे त्यांनी हसत सांगितलं.

मग आपली चूक सांगितली. मुरूम नऊ फुटांवर होता, फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, साडेचार फुटांवर काळ्या मातीतच थांबवलं. मालक म्हणाला होता, "एवढं खोल कशाला, दोन मजलेच तर आहेत." "आणि मी ऐकलं," एवढंच म्हणाले. मुरूम फार खाली असेल तिथे अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घ्यायला हवेत, दांड्याच्या साधारण अडीचपट व्यासाचा बल्ब खाली, माती हलत नाही त्या थरात. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि मालकापुढे अडून बसणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

सभागृहात शांतता. टाळ्या पण उशिरा पडल्या. खरी सभा नंतर जिन्यावर भरली. चहाचे कप हातात घेऊन चौघांनी आपापल्या भेगा काढल्या. एक तेलुगूत सुरू झाला, दुसऱ्याने कन्नडात उत्तर दिलं, आकडे सगळ्यांनी मराठीत सांगितले. साडेदहापर्यंत आम्ही तिथेच होतो. दुसऱ्याच आठवड्यात मी माझ्या चालू असलेल्या तीन ड्रॉइंगमधला हौद कॉलमपासून लांब सरकवला. एका मालकाला राग आला, पार्किंग लहान होतंय म्हणून. येऊ दे.

शाखेच्या इतिवृत्तात या संध्याकाळची नोंद अशी आहे : 'काळ्या मातीतील पायाभरणीबाबत उपस्थितांना मार्गदर्शन करण्यात आले.' संपलं. हौद नाही, चार बोटं नाहीत, 'आणि मी ऐकलं' तर नाहीच.

सप्टेंबरचा अभियंता दिन झाला तसा झाला. १५ सप्टेंबर, विश्वेश्वरय्यांची जयंती. हार, दीप, शाल, नारळ, सत्कार अकरा. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी केली, १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. ते दरवाजे कसे चालत, यावर कुणी वीस मिनिटं बोललं असतं तर मी शाल स्वतःच्या पैशाने आणली असती. शिस्त आणि वक्तशीरपणा यावर भाषण झालं. कार्यक्रम पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाला होता.

त्याच महिन्याच्या शेवटी मात्र किल्लारीच्या भूकंपाची आठवण निघाली आणि ती चांगली रंगली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सोलापुरातही भांडी वाजली होती. तेव्हा तरुण असलेले एक काका मदतीला तिकडे गेले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंती, बाहेरची आणि आतली अशी दोन कातडी, मधे भर, दोन्हींना बांधणारा आडवा दगड नाही, आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचं ओझं. भिंत पोट फुगून फुटली आणि माळवद खाली आलं. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. नंतर तो तिसऱ्यात गेला. आपल्या पेठांमध्ये माळवदाची घरं अजून उभी आहेत, त्यावर पाण्याच्या टाक्या चढल्यात, असं ते म्हणाले आणि मला लगेच सासरचं जुनं घर आठवलं.

उजनीची सहल : धरणावर पन्नास मिनिटं, येताना मासे खायला दीड तास. तरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक सर बरोबर होते म्हणून जमलं. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला साधारण ६३ मृत, म्हणजे तळाचा, नेहमीच्या वापरात न धरलेला; म्हणजे मेलेलं पाणी जिवंत पाण्यापेक्षा जास्त. आपण दर उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' म्हणून घाबरतो ते या मृत साठ्यात उतरलेलं पाणी. शहरासाठी भीमेतून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी पोचवायचं तर एका वेळी पाच-सहा टीएमसी सोडावं लागायचं, आणि वाटेत बरंचसं नदीच प्यायची. नदीऐवजी उजनीपासून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीचा खर्च का परवडतो, ते मला त्या कठड्यावर उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं. माझ्या चिकटलेल्या हौदाची गोष्ट तिथून सुरू होते, हेही. टॉवेल कारखान्याची दुसरी भेट मला लग्नामुळे चुकली.

ग्रुपबद्दल थोडक्यात : सकाळी फुलं, दुपारी क्रश सँडचे भाव, रात्री राजकारण. म्यूट करा. पण आठवड्यातून एखादा फोटो येतो, 'या बीमला ही भेग, काय असेल?' आणि दहा मिनिटांत तीन जुनी माणसं उत्तर देतात. तेवढ्यासाठी बाहेर पडले नाही.

वार्षिक सभेत पाऊण तास हॉलच्या भाड्यावर गेला. बायका आम्ही चार, तिशीच्या आतले सहा-सात. कार्यकारिणीत यायचं का म्हणून मला विचारलं, काम कोणतं तर 'सूत्रसंचालन'. नको म्हटलं. त्याऐवजी मागणी केली की दर तीन महिन्यांनी एक व्याख्यान आपल्या चुकलेल्या कामावर व्हावं. नावं नकोत, मालक नकोत, फक्त काय झालं आणि का. चुळबुळ झाली. "बाहेर गेलं तर?" "उद्या कुणी कोर्टात दाखवलं तर?" भीती खोटी नाही, धंदा सगळ्यांनाच करायचाय. शेवटी जुलैवाले सर उठून म्हणाले, "मॅडमना चूक ऐकायची हौस आहे ना, मग पहिली त्यांचीच घ्या की."

मेलेच. पण आता ठरलंय. या मार्चला पुन्हा १,८०० भरले, पावतीवर 'सौ.' नीट आहे, आणि मे महिन्याचं व्याख्यान माझं आहे. बाहेर निघालेली बाल्कनी, पाच फूट. स्टील वरच्या बाजूला हवं, ड्रॉइंगमध्ये वरच दाखवलं होतं. पण ते वर धरून ठेवणाऱ्या चेअर मी काढल्याच नव्हत्या, मिस्त्रीला कळेल म्हणून. काँक्रीटच्या दिवशी माणसं त्यावरून घमेली घेऊन चालली, सळ्या दबून खाली गेल्या, मी साइटवर नव्हते. सेंट्रिंग काढताना बाल्कनी दोन इंच वाकली. कुणाला लागलं नाही. पाडून पुन्हा केली, निम्मा खर्च मी दिला, आणि हे आठ वर्षांत नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही.

परवा सचिवांचा फोन आला. पत्रकात विषय काय लिहू? मी म्हटलं, 'माझी चुकलेली बाल्कनी'. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मॅडम, 'कँटिलिव्हर : काही अनुभव' असं टाकू का?" मी नाही म्हटलं. बघू काय छापून येतंय. दुसरा शनिवार, वेळ सात. म्हणजे पावणेआठ.