आधी ‘लुक’ की ‘द कॅप्चर’?

परवा मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, सीसीटीव्हीवरच्या दोन मालिका हेरून ठेवल्यात. वेळ एकीपुरताच आहे. कुठली लावू?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहूनच काढतो.

‘लुक’ आधी 2007 साली सिनेमा म्हणून आला, मग 2010 मध्ये अमेरिकेत शोटाइम या वाहिनीवर मालिका झाली. दोन्ही दिग्दर्शक अ‍ॅडम रिफकिनचं काम. यातलं सगळं फक्त पाळतीच्या कॅमेऱ्यांतूनच दिसतं. दुकानाचा मॅनेजर, शाळेतला मास्तर, पेट्रोल पंपावरच्या दुकानातला पोरगा, सगळे वरून, कोपऱ्यातून. कुणाचा चेहरा नीट जवळून बघायला मिळत नाही.

हे मला पटलं, कारण आम्ही ते भोगलंय. सोलापुरात नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत एकदा टॉवेलचा गठ्ठा सापडेना. शटर ओढून मी आणि मेव्हणा रात्री कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरसमोर बसलो. गठ्ठा काही दिसला नाही, पण साठीतला आमचा कामगार दिसला. एरवी मोजकं बोलणारा माणूस. दुकानात कुणी नसलं की मयूरपंखी चादर खांद्यावर टाकून आरशासमोर उभा राहायचा. ओठ हलत होते. गाणं म्हणत होता का, देव जाणे. आमच्या कॅमेऱ्याला आवाज नाही. गठ्ठा दुसऱ्या दिवशी माळ्यावर सापडला, मीच टाकलेला. आरशाचं मात्र आम्ही दोघांनी आजवर कुणाकडे काढलं नाही.

‘लुक’ची सगळी मजा असल्या क्षणांत आहे. खोट एवढीच, की तिथे प्रत्येक कॅमेऱ्याला स्वच्छ संवाद ऐकू येतात. आणि सिनेमाची सुरुवातच ट्रायल रूममध्ये होते, त्यामुळे हॉलमध्ये मामंजींसमोर लावायचं धाडस करू नकोस.

‘द कॅप्चर’चा मामला वेगळा. बीबीसीची, 2019 ची, पहिल्या सीझनमध्ये सहा भाग. लेखन-दिग्दर्शन बेन चॅननचं. अफगाणिस्तानातून परतलेला शॉन एमरी हा सैनिक खुनाच्या शिक्षेतून सुटतो तो कशामुळे? तर हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात चित्र आणि आवाज यांचा मेळ नव्हता म्हणून. आमच्या डीव्हीआरचं घड्याळही वीस मिनिटं मागे होतं, त्यामुळे मी इथे सावरूनच बसलो. मग सुटकेच्याच रात्री तो आपल्या वकीलबाईंवर हल्ला करताना सीसीटीव्हीत दिसतो. तो म्हणतो, मी हे केलंच नाही. रेचल केरी ही पोलीस अधिकारी त्या चित्रणाच्या मागे लागते. होलिडे ग्रेंजरने ती अशी उभी केलीय की तिचा राग यावा आणि तरी तिच्यावरच भिस्त ठेवावी. पुढचं फोडत नाही.

म्हणजे बघ, ‘लुक’मध्ये कॅमेरा खरं सांगतो आणि माणसं लपवतात. ‘द कॅप्चर’मध्ये कॅमेऱ्यावरचाच भरवसा उडतो. थरार, वेग, अभिनय यांत दुसरी कितीतरी सरस. ‘लुक’मध्ये काही धागे नुसतेच चटपटीत आहेत, मध्येच कंटाळाही येतो.

कुणी ‘पर्सन ऑफ इंटरेस्ट’ ही पाळतीवरचीच मालिकाही सुचवेल. चांगली आहे, पण पाच सीझन, 103 भाग. तुझी कामाची पाळी बघता ती दिवाळीनंतरची गोष्ट.

सहा रात्री मोकळ्या असतील तर डोळे झाकून ‘द कॅप्चर’ लाव, ताईलाही बसव. फक्त रोज एकच भाग, नाहीतर सकाळी एमआयडीसीची बस चुकेल. एकच रात्र हाताशी असेल तर मालिकेच्या नादी न लागता ‘लुक’चा सिनेमा बघ, एकट्याने. आणि आरशाचा प्रसंग आठवला तर मला फोन कर, कितीही वाजले असोत.