झोटेरो: एकसष्ट संदर्भ आणि एक ‘इंडिया, बी. एस. ऑफ’

जर्नलने माझा पेपर नाकारला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं. तो संपादकांपर्यंत पोचलाच नाही. चौथ्या दिवशी मेल आली: ओळींना क्रमांक नाहीत, आकृत्या वर्डच्या फाइलमध्येच चिकटवल्या आहेत, संदर्भ आमच्या शैलीत नाहीत, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. आंबोली-चंदगडकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, तीन पावसाळे जळवा झटकत फिरलो होतो, आणि अडलं कुठे तर स्वल्पविरामापाशी.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. तोवर माझे सगळे पेपर कॉलेजसमोरच्या टायपिंगच्या दुकानात ‘सेट’ व्हायचे. दुकानदार भला माणूस, प्रबंधाचं बाइंडिंगही तोच करतो. पण संदर्भाची दुसरी ओळ आत सरकवायला तो स्पेसबार दाबत जायचा. मध्ये एक शब्द वाढला की खालची सगळी पानं विस्कटायची आणि मी परत दुकानात. पानामागे पैसे होते, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती.

माझ्याकडे पीएचडी करणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, झोटेरो टाका की. आपोआप हुतंय सगळं.” ‘आपोआप’ या शब्दावर माझा विश्वास नाही. तरी टाकलं. आता दोन वर्षं वापरतेय, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झोटेरो हा संदर्भ सांभाळणारा प्रोग्रॅम आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी २००६ साली काढला, तेव्हा तो फायरफॉक्सला जोडायचा एक तुकडा होता. आता स्वतंत्र चालतो. फुकट आहे, कोडही खुला आहे. ब्राउझरमध्ये पेपर उघडा, वरचं छोटं बटण दाबा, लेखक-वर्ष-अंक-पानं सगळं उतरून येतं. पेपरचा डीओआय हा ओळखक्रमांक किंवा पुस्तकाचा आयएसबीएन टाकला तरी चालतं. वर्डमध्ये त्याची वेगळी पट्टी येते. लिहिता लिहिता संदर्भ घालत जायचं, शेवटी एका बटणावर संदर्भसूची तयार. लिबरऑफिस आणि गूगल डॉक्सलाही जोडता येतो.

इथवर कुठलीही जाहिरात सांगेल. माझं म्हणणं पुढचं आहे: याने काम कमी होत नाही, कामाची जागा बदलते. आधी मी शेवटच्या रात्री मरायचे, आता प्रत्येक पेपर उतरवताना दोन मिनिटं द्यावी लागतात. ती दिली नाहीत तर झोटेरो तुमची घाण अतिशय शिस्तीत, अकारविल्हे लावून छापतो.

माझी पहिली संदर्भसूची बघा. बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचा एक अहवाल मी हाताने भरला होता. नावाचे खाने दोन असतात, आडनाव आणि पहिलं नाव. मी भरत गेले. छापून आलं ‘इंडिया, बी. एस. ऑफ’. कोणी इंडिया आडनावाचे गृहस्थ असावेत! नावाशेजारी एक बारीक खूण असते, ती दाबली की दोन खान्यांचा एक होतो आणि संस्थेचं नाव अखंड राहतं. हे कळायला मला आठवडा लागला. ‘महाराष्ट्र शासन’ संदर्भात घालणाऱ्या समाजशास्त्राच्या मंडळींनी ही खूण आधी शोधावी. आडनाव न लावणाऱ्या दक्षिणेतल्या लेखकांनाही ती उपयोगी पडते.

दुसरी भानगड तिरप्या अक्षरांची. आमच्यात जाती-प्रजातीचं नाव तिरपंच हवं, संदर्भाच्या शीर्षकातसुद्धा. वेबपानावरून उतरताना तो तिरपेपणा बऱ्याचदा गळतो. मग शीर्षकात नावाच्या पुढे-मागे एचटीएमएलची ती कोनदार कंसातली आयची खूण घालावी लागते. एकसष्टपैकी अडतीस शीर्षकांत वनस्पतीचं नाव होतं. एका रविवारी दुपारी बसून अडतीस वेळा घातली. पण ती एकदाच. पुढच्या पेपरात तोच संदर्भ आला तेव्हा तिरपा होऊनच आला, आणि दुकानात हे कधी झालं नव्हतं.

काही पानांवरून शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं. त्यावर उजवी क्लिक करून वाक्यासारखी अक्षरं करता येतात. पण मग ‘इंडिया’ आणि ‘वेस्टर्न घाट्स’चं पहिलं अक्षरही बारीक झालंय का ते आपणच बघायचं. यंत्राला घाट काय ठाऊक.

जुन्या ग्रंथांचं वेगळंच. थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोराशिवाय, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या नोंदींच्या ग्रंथाशिवाय, आमचं पान हलत नाही. तो भागाभागाने १९०१ ते १९०८ मध्ये निघाला आणि ग्रंथालयांत दिसतं ते सर्व्हेचं १९५८ चं पुनर्मुद्रण. नुसतं १९५८ लिहिलं तर पन्नास वर्षांचा घोळ. झोटेरोत ‘एक्स्ट्रा’ नावाचा खाना आहे, त्यात इंग्रजीत ‘ओरिजिनल डेट’ लिहून मूळ साल देता येतं. निवडलेल्या शैलीत सोय असेल तर ते छापलंही जातं. हे मला आमच्या ग्रंथपाल सरांनी दाखवलं, बाकी कुणाला माहीत नव्हतं.

आता त्याचं खरं मोल कुठे कळलं ते सांगते. दुरुस्त करून पाठवलेला पेपर पहिल्या जर्नलने दोन महिन्यांनी ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ म्हणून परत केला. दुसऱ्या जर्नलला मजकुरात लेखक-वर्ष नको, चौकटी कंसात आकडे हवे, आणि यादीही त्याच क्रमाने. दुकानातले दिवस आठवले तर हे तीन दिवसांचं काम, वर चुका वेगळ्या. मी शैली बदलली, क्षणभर पडदा थरथरला आणि एकसष्टच्या एकसष्ट संदर्भांना क्रमांक लागले. मी खरंच खुर्चीवरून उठून त्या पीएचडीच्या मुलाला बोलावलं. शैलींच्या भांडारात दहा हजारांवर शैली आहेत. माझ्या पहिल्या जर्नलची त्यात नव्हती, तेव्हा तिच्यासारखी दिसणारी शोधून चार ठिकाणी हात फिरवला होता.

हात फिरवायचा तो मात्र अगदी शेवटी. वर्डमधल्या यादीत तुम्ही काही दुरुस्त केलंत आणि पुन्हा ताजी करण्याचं बटण दाबलंत की तुमची दुरुस्ती गेली. चूक झोटेरोतच सुधारायची. आणि पाठवण्याआधी फाइलची प्रत काढून त्या प्रतीतच संदर्भांचे झोटेरोशी असलेले दुवे तोडायचे, मूळ फाइल जिवंत ठेवायची. मी एकदा मूळ फाइलचेच तोडले. परीक्षकाने तीन संदर्भ वाढवायला सांगितल्यावर काय झालं ते लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट आवडली. मागे घेतलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर त्यावर लाल पट्टी दिसते. ती माहिती अशा मागे घेतलेल्या पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या नोंदींवरून येते. प्लेसमेंटच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, घाईत आपण काय काय उद्धृत करतो हे बघता ही पट्टी प्रत्येक विभागाच्या दारावर लावावी.

फुकटात फाइलींसाठी ३०० एमबी जागा मिळते. आमच्या स्कॅन केलेल्या फ्लोरांनी ती पंधरा दिवसांत भरली. २ जीबीला वर्षाचे २० डॉलर पडतात. मी दिले नाहीत. ही मर्यादा फक्त जोडलेल्या पीडीएफना आहे, नुसत्या नोंदी कितीही असल्या तरी दोन संगणकांवर सारख्या राहतात. पीडीएफ मी पेनड्राइव्हवर ठेवते. गट करून विद्यार्थ्यांबरोबर संग्रह वाटून घेता येतो, पण तिथे एक नियम हवा: दुसऱ्याच्या नोंदीला हात लावायचा नाही. आमच्या गटात एकच पेपर चार वेळा होता, चार वेगळ्या स्पेलिंगांत.

मराठी विभागातल्या मैत्रिणीने विचारलं, “मला गं काय उपयोग?” युनिकोडमध्ये नोंदी भरल्यास उपयोग आहे, देवनागरी नावं नीट राहतात. इंग्रजी शैली निवडली तर मराठी यादीतही ‘अँड’ आणि ‘एट अल.’ येतात, ते शेवटी बदलावे लागतात. तिचे जुने लेख मात्र युनिकोडपूर्व फाँटातले. ते उघडले की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. त्यावर झोटेरो काही करू शकत नाही.

ओळींचे क्रमांक आणि आकृत्यांचंही तेच. क्रमांक वर्डच्या लेआउटमध्ये दोन क्लिकमध्ये लागतात, हे मला त्या मेलआधी कुणी सांगितलं नव्हतं. आकृतीचं गणित असं: ८५ मिलिमीटरच्या रकान्याला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हवं तर चित्र रुंदीला हजारेक पिक्सेल तरी पाहिजे. आमच्या वायतुरा या वनस्पतीचा फोटो कॅमेऱ्यात उत्तम होता, पीएचडीच्या मुलाने व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला आणि पार दाबला गेला. आता सगळे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या दोन खान्यांसाठी कापला. पेपर सध्या परीक्षकांकडे आहे. दुकानदाराला पुढच्या शनिवारी शिकवायचं ठरलंय, बाइंडिंगच्या दरात सवलत देतो म्हणालाय.