अवघड जागेची दुखापत आणि मिरजेतील प्लास्टिक सर्जरी विभाग

माझ्या थोरल्या भावाच्या वृषणकोशाची कातडी ट्रॅक्टरच्या अपघातात जवळजवळ सगळी सोलून निघाली आणि मिरजेतील एका रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागाने तो वृषणकोश नव्याने घडवून दिला. हे लिहायला दादाची संमती आहे. मात्र त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचे, रुग्णालयाचे किंवा डॉक्टरांचे नाव येथे दिलेले नाही. सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात अशी दुखापत करणारी यंत्रे घरोघरी आहेत, पण दुखापत झाल्यावर कोठे जायचे हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर छाटणीनंतरची फवारणी चालू होती. ब्लोअर, म्हणजे औषध फवारणारे यंत्र, ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे इंजिनची ताकद जोडलेल्या यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर चालतो आणि तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण आदल्या हंगामातच फुटले होते आणि ते बदलायचे राहून गेले होते. पंपाची गळती पाहायला दादा इंजिन चालू ठेवूनच खाली वाकला, ढगळ पायजम्याचा काठ शाफ्टच्या सांध्यात गुंडाळला गेला आणि कापडाबरोबर कातडीही ओढली गेली. या जागेची कातडी सैल असते, खालच्या थरांना घट्ट चिकटलेली नसते, त्यामुळे ती पायातला मोजा निघावा तशी निघून येते. आतली वृषणे मात्र बहुधा शाबूत राहतात, आणि कातडी गेली तरी जगतात, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या पोटातल्या महाधमनीपासून निघतात. कातडीचा रक्तपुरवठा वेगळा असतो.

हे आम्हाला मिरजेत कळले. त्याआधीचे चार दिवस एका जवळच्या दवाखान्यात गेले. तेथे माती आणि ग्रीस लागलेली, चेंगरलेली कातडी धुऊन पुन्हा जागेवर शिवण्यात आली. त्या दिवशी आम्हाला हायसे वाटले, पण चौथ्या दिवशी ती काळी पडली आणि तिला वास येऊ लागला. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र तेथे वेळेवर दिले गेले, हेही नोंदवले पाहिजे.

मिरजेतल्या सर्जनांनी तपासणी झाल्यावर खाटेजवळ स्टूल ओढून घेतले आणि केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने आकृती काढली. ते माझ्याशी नव्हे, दादाशी बोलत होते. ‘दोन्ही वृषणे चांगली आहेत. गेली आहे ती कातडी, आणि कातडी मांडीवरून घेता येते,’ एवढेच ते आधी म्हणाले आणि त्याला काय विचारायचे आहे याची वाट पाहत बसले. चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला दादा तेव्हा पहिल्यांदा या कुशीवर वळला. या विभागाबद्दल माझे मत चांगले होण्याची सुरुवात तेथून झाली.

पुढची कामगिरीही त्याच तोलाची होती. मेलेली कातडी त्याच संध्याकाळी काढली, दोन दिवसांनी पुन्हा भूल देऊन उरलेला खराब भाग साफ केला, आणि जखमेवर लालसर, दाणेदार नवी ऊती येईपर्यंत सलाइनने ओले केलेले ड्रेसिंग रोज बदलले. निम्मी कातडी जरी उरली असती तरी तीच ताणून टाके घालता आले असते, कारण ती फार लवचिक असते. दादाच्या बाबतीत तेवढीही नव्हती. मांडीचा जाड मांसल पट्टा फिरवून लावणे हा एक मार्ग होता, पण वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते आणि जाड आवरणाखाली ती उबेत राहतात, म्हणून सर्जनांनी पातळ कातडीचे कलम, म्हणजे मांडीवरच्या कातडीचा पातळ थर काढून जखमेवर लावणे, निवडले. कलमाआधी दोन्ही वृषणे एकमेकांना मध्यभागी टाक्यांनी जोडली, म्हणजे ती दोन बाजूंना सरकून कोश दुभंगल्यासारखा दिसणार नाही. मांडीवरून काढलेल्या कातडीला यंत्राने बारीक छेद पाडून जाळी केली. जाळीमुळे खालचा स्राव बाहेर पडतो आणि कातडी गोलाईवर नीट बसते. भरून आल्यावर तिच्या खुणा मूळच्या सुरकुत्यांसारख्याच दिसतात.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडले तेव्हा मी तेथेच होतो. पिवळट मलमाची जाळी चिमट्याने हळूहळू सोडवताना दर वेळी सलाइनची धार सोडली जात होती, आणि खाली गुलाबी, चिकटलेली कातडी दिसली. मांडीची जखम मात्र दादाला अधिक दुखली. ती सुकायला जवळपास तीन आठवडे लागले. याची कल्पना आम्हाला आधी द्यायला हवी होती.

शेजारच्या खाटेवर मधुमेह असलेले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना फोर्निए गँगरीन झाले होते. १८८३ मध्ये फ्रेंच डॉक्टर फोर्निए यांनी वर्णन केलेला जननेंद्रियांच्या भागातला हा जंतुसंसर्ग काही तासांत पसरतो आणि जीवही घेतो. साध्या गळवासारखी दिसणारी सूज आणि न सोसणाऱ्या वेदना त्यांनी लाजेपोटी अंगावर काढल्या होत्या. त्यांच्यावरही पुढे हीच कलमाची शस्त्रक्रिया झाली.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पहिल्या दोन दिवशी राउंडच्या वेळी पडदा न लावताच दादाचे पांघरूण काढले गेले. मी हरकत घेतल्यावर घडीचा पडदा आला आणि नंतर रोज आला, पण तो मागावा लागू नये. बाह्यरुग्ण विभागात नावाबरोबर दुखणेही मोठ्याने पुकारले जाते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होते. कलमाच्या कातडीत घाम आणि तेल तयार होत नाही, म्हणून तिला रोज खोबरेल तेल लावायचे, सैल सुती कपडे वापरायचे, स्पर्श काही काळ बोथट राहील, या गोष्टी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी आपणहून सांगितल्या. त्या मराठीत छापून मिळायला हव्यात. वैवाहिक आयुष्याबद्दल वहिनींशी कोणीही बोलले नाही. दादानेच एका रात्री निवासी डॉक्टरांना विचारले, आणि जखम पूर्ण भरल्यावर अडचण नाही, असे त्यांनी स्पष्ट उत्तर दिले.

खर्चाच्या बाबतीत, मिरजेतला उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झाला. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाने, शिधापत्रिका आणि आधार कार्ड पहिल्याच दिवशी मागून घेतले. अपघात असल्यामुळे पोलिसांकडे नोंद झाली, तिची प्रतही जपून ठेवावी लागली.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत सर्जनांनी कातडी चिमटीत धरून पाहिली. ती खालच्या थरावरून सहज सरकली. जाळीच्या रेषा अजून फिकट दिसतात. दादा मोटारसायकलवर बसतो, बागेत जातो, आणि ब्लोअरच्या शाफ्टवर नवे आवरण त्याने स्वतः बसवले आहे.