जिताड्याच्या पिल्लांवरचा पांढरा ठिपका आणि टाकी बदलायची पद्धत : सात महिन्यांनंतरचा अनुभव

लिहीन लिहीन म्हणत होतो पण अख्खा सीझन हातातून गेल्याशिवाय काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ऑक्टोबर एंडला जिताड्याचं (खाडीत मिळणारा खायचा मासा) पहिलं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, आणलं, आता मे संपत आलाय, तीन बॅचेस झाल्या, तर आता सांगतो.

आमचं काम म्हणजे हॅचरीतून (अंडी उबवून पिल्लं करतात तिथून) जिताड्याचं बीज आणायचं, घरामागे ५००० लिटरच्या एफआरपी (फायबरच्या) टाक्या आहेत त्यात खाऱ्या पाण्यावर बोटाएवढं करायचं आणि मग खाडीच्या तोंडाशी पिंजऱ्यात सोडायचं. रत्नागिरी साईडला. पहिल्या बॅचला वीस-बावीस दिवस मस्त चालले, मग एका सकाळी पिल्लं खायलाच येईनात, टाकीच्या कडेला अंग घासत होती, काही हवा सोडणाऱ्या एअर स्टोनजवळ गोळा होऊन तोंड वासून उभी. दुपारी उन्हात बघितलं तर अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके. आई म्हणाली, "अरे, ह्यांच्यावर मीठ कुणी टाकलं?"

एक क्लिअर करतो कारण फोनवर दोघांनी मला कोळंबीचाच रोग समजून सल्ला दिला होता. कोळंबीवाले ज्याला व्हाइट स्पॉट म्हणतात तो व्हायरस आहे, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. हा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी, एकाच पेशीचा, समुद्राच्या पाण्यातला. गोड्या पाण्यातल्या माशांना असेच ठिपके येतात तो पण वेगळा जीव, त्याची ट्रीटमेंट इथे आंधळेपणाने लावू नका.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गेले हो! आम्ही खूश, खाणं वाढवलं. आठवड्याभरात परत आले ते दहापट, आणि दोन दिवसांत टाकीतली निम्मी पिल्लं गेली. पोतं भरून मेलेली पिल्लं खड्ड्यात पुरली, ते अजून डोळ्यासमोर आहे. ठिपके जातात म्हणजे रोग गेला असं नाहीच, हे तेव्हा कळलं असतं तर.

होतं काय तर तो ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसून खाणारा परजीवी. तीन ते सात दिवस खातो, फुगतो, मग मासा सोडून खाली पडतो, बहुतेक रात्री अंधारात नाहीतर पहाटेच्या आधी. तळाला, भिंतीला, पाइपला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या एका कवचातून पुढे परजीवीची दोनशे-तीनशे पिल्लं बाहेर पडतात आणि मासा शोधत फिरतात, एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त ह्या पोहणाऱ्या पिल्लांना. माशाच्या कातडीत असताना नाही, कवचात असताना पण नाही. म्हणून एक डोस टाकून काही होत नाही, कितीही महाग असू दे.

आधी मोरचूद (कॉपर सल्फेट) करून बघितलं. सुपारीवर बोर्डो (बुरशीचं औषध) मारायला आणतो तेच. चालतं, खोटं बोलणार नाही, पण पाण्यात तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमच्या मध्ये रोज ठेवायचं आणि तेही किमान तीन आठवडे. ५००० लिटरला ती पातळी गाठायला चार ग्रॅमच्या आत मोरचूद, पण ते एकदा टाकून भागत नाही, दिवसातून दोनदा किटने मोजायचं. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. आमच्या टाकीत शिंपले-वाळूचा फिल्टर होता तो तांबं ओढून घ्यायचा, रीडिंग सकाळी एक आणि संध्याकाळी भलतंच. पिल्लांनी खाणं सोडलं ते वेगळंच.

जिताडा गोड्या पाण्यातही जगतो, पेण-अलिबागकडे तलावात वाढवतातच, मग गोड्या पाण्यात बुडवून काढू म्हटलं. अर्ध्या तासाच्या अंघोळीने काही होत नाही, कातडीच्या आतल्याला ते पाणी लागतच नाही. खारेपणा १५ पीपीटीच्या (हजार भागांत १५ भाग मीठ) खाली आणून तीन-चार आठवडे ठेवलं तर फरक पडतो, दुसऱ्या बॅचला एका टाकीत केलं आणि चांगलं झालं. पण आमची विहीर फेब्रुवारीनंतर तळ दाखवते, तेवढं गोडं पाणी आणायचं कुठून? ज्याच्याकडे पाणी आहे त्याने जिताड्यासाठी हे नक्की करावं. काही ठिकाणी कमी खारेपणात टिकणारा परजीवी पण सापडलाय, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) बघून निर्धास्त होऊ नका.

शेवटी टिकलो ते टाकी बदलण्यावर. दर तीन दिवसांनी सकाळी सगळी पिल्लं दुसऱ्या स्वच्छ टाकीत, अशा चार बदल्या. तीनच दिवस का, तर कवच फुटायला साधारण तेवढे तरी दिवस लागतात, ते फुटायच्या आत मासे तिथून निघालेले असतात. रात्री खाली पडलेले जुन्या टाकीत राहतात. रिकामी टाकी ब्लिचिंगने धुवायची आणि उन्हात खणखणीत वाळू द्यायची, वाळलं की कवच मरतं. दोन टाक्यांवर भागतं. औषध शून्य.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठे ऐकली नव्हती. जिताड्याची मोठी पिल्लं लहानांना खातात म्हणून तसंही दर काही दिवसांनी ग्रेडिंग (लहान-मोठी वेगळी करणं) करावंच लागतं, तर आम्ही ग्रेडिंग आणि बदली एकत्र केली. एकदाच हाताळणी, एकदाच त्रास. आदल्या संध्याकाळी खाणं बंद, नवीन पाण्याचं तापमान आणि खारेपणा आधीच जुळवून ठेवायचा, हातजाळीत थोडी थोडीच पिल्लं घ्यायची.

त्रास आहेच. माणसं लागतात, आम्ही तिघं असूनही सकाळचे तीन तास जातात. आणि शिस्त लागते. जानेवारीत तिसऱ्या बदलीला पुतण्याने जुन्या टाकीतला एअर स्टोन ओला तसाच नवीन टाकीत टाकला आणि पाचव्या दिवशी परत ठिपके, पहिल्यापासून सुरू. पोराला बोललो नाही कारण मीच त्याला कारण समजावून सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक टाकीची हातजाळी, बादली, स्टोन, नळी सगळं वेगळं, लाल आणि निळी टेप लावून. जुनं पाणी सोडायचं ते पण पंपाच्या तोंडापासून लांब.

ठिपके दिसायची वाट बघू नका. कल्ल्यात आधी होतो, अंगावर एक ठिपका नसताना पण मासे मरतात. आता नवीन बीज आलं की आजारी असो नसो, चार बदल्या करूनच पुढे. साध्या मायक्रोस्कोपखाली कल्ल्याचा तुकडा बघायला शिकलोय, गोल गरगर फिरणारा गोळा दिसला की तोच.

पिंजऱ्यात मात्र ही पद्धत चालत नाही, तिथे टाकी कुठली बदलणार. तिथे जाळं वेळेवर बदलणं, जुनं वाळवणं, पिंजरा खोल आणि वाहत्या पाण्यात ठेवणं एवढंच हातात. दुसरी बॅच मार्चपासून पिंजऱ्यात आहे, परवा जाळं बदलताना वीस मासे काढून बघितले, अंग स्वच्छ होतं, डोळे पण साफ. तिसरी बॅच टाकीत आहे, उद्या सकाळी तिची चौथी बदली.