799 चा इंग्लिश रायटिंग कोर्स घेतला, कॉमा कळला पण सर्टिफिकेट लटकलं

मॅनेजरने माझे मेल तीनदा लाल करून परत पाठवले तेव्हा वैतागून हा ऑनलाइन कोर्स घेतला, नाव नाही टाकत कारण पुढे थोड्या शिव्यापण आहेत.

आधी चांगलं. वाक्याच्या सुरुवातीच्या तुकड्यानंतर कॉमा का द्यायचा हे शाळेत कोणी सांगितलंच नव्हतं, इथे एका व्हिडिओत डोक्यात बसलं. आपण "जेवल्यावर पाहुणे गेले" म्हणतो, त्यात 'वर' आला की तुकडा संपला हे आपोआप कळतं, कॉमाची गरजच नाही. (तसंही मराठीत ही चिन्हं आणली ती मेजर कँडी साहेबाने, 1850 मधे त्यावर पुस्तकच लिहिलं त्याने, त्यामुळे आपल्या हातात ती सवय मुरलेली नाही असं माझं मत.) इंग्लिशमधे 'आफ्टर' आधीच येऊन बसतो आणि तुकडा कुठे संपला हे कॉमानेच दाखवावं लागतं. "आफ्टर ईटिंग द गेस्ट्स लेफ्ट", यात ईटिंगपुढे कॉमा नसला तर वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं पाहुणेच खाल्ले! हसलो, मग आठवलं की मी स्वतः क्लायंटला "आफ्टर टेस्टिंग द टीम विल शेअर द रिपोर्ट" पाठवलेलं, म्हणजे टीमचीच टेस्टिंग. तेच 'आफ्टर टेस्टिंग' शेवटी नेलं की कॉमा नको. 'इन 2019' सारखं छोटं असेल तर दिला काय न दिला काय. 'हाउएव्हर' म्हणजे 'तरीपण' असेल तर लगेच कॉमा, पण "हाउएव्हर हार्ड यू ट्राय" मधे तो ट्रायनंतर.

आता क्विझ. "वॉकिंग टू द स्टेशन टेक्स टेन मिनिट्स" मधे मी कॉमा दिला नाही तर चूक दाखवलं. अहो इथे चालणं हाच कर्ता आहे, त्याच्या आणि क्रियापदाच्या मधे कॉमा कसा येईल? बहुतेक सुरुवातीला 'इंग' दिसलं की कॉमा एवढंच त्या सॉफ्टवेअरला शिकवलंय. सपोर्टला मेल टाकला, चार दिवसांनी उत्तर आलं, "आफ्टर चेकिंग विथ अवर कंटेंट टीम वी कन्फर्म द आन्सर इज करेक्ट". टीमपुढे कॉमा नाही.

व्हिडिओसाठी घ्या, सेल लागला तर अजून बरं. माझे 10 पैकी 9 झालेत आणि 10 शिवाय सर्टिफिकेट उघडत नाही.